विठोबाचा मुकुट, पायाखालची वीट आणि रिंगणातला घोडा: पुठ्ठ्याची सोंगं घरी कशी बांधावीत

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. आषाढीला शाळेची दिंडी निघते. गेल्या वर्षी त्यांनी घरीच खोक्याच्या पुठ्ठ्यातून मुकुट आणि वीणा केली होती. मुकुट अर्ध्या वाटेत डोळ्यांवर आला, वीणेची दांडी मोडली आणि पावसाच्या एका सरीत रंग ओघळला. यंदा मुलगी विठोबा होणार आहे, तिची मैत्रीण वीणेकरी. धाकट्याला मात्र रिंगणातला घोडा व्हायचंय. "विकतचं आणायचं नाही, मुलांच्या हातूनच करायचंय. आमचं कुठे चुकतंय?"

ताई, हे तिन्ही प्रकार माझ्या हातूनही झालेले आहेत. गेली २७ वर्षं मी बालनाट्यांसाठी मुकुट, गदा, पंख, मुखवटे बांधते आणि सुट्टीत मुलांकडून करून घेते. पुठ्ठ्याचं सोंग मोडतं तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात चित्रापासून झालेली असते. विठोबाचं चित्र समोर ठेवलं, तसा आकार कापला, रंगवला, टिकल्या लावल्या आणि शेवटी 'आता हे डोक्यावर बसवायचं कसं' म्हणून दोरा बांधला. हा क्रम उलटा करा. आधी ही वस्तू अंगावर कुठे टेकणार, कशाने धरली जाणार, मूल वाकलं किंवा शिंकलं तर तिचं काय होणार, ते ठरवा. मग पुठ्ठा कोणत्या दिशेने कापायचा ते बघा. रंगाची बाटली सगळ्यात शेवटी उघडा.

आता पुठ्ठा. खोक्याचा तुकडा फाडून मुलांना आत काय दिसतं ते विचारा. दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी कागद, त्यामुळे आत बारीक नळ्यांची रांग तयार झालेली असते. खोकेवाले याला थ्री-प्लाय म्हणतात, जाडी साधारण ३-४ मिलिमीटर. फ्रिज, वॉशिंग मशीन अशा जड वस्तूंची खोकी बहुधा फाइव्ह-प्लायची, म्हणजे नळ्यांचे दोन थर. नळ्यांना समांतर पुठ्ठा सहज दुमडतो. नळ्यांवर आडवा दुमडायला गेलात तर तो जोर करतो. तुमच्या वीणेची दांडी मोडली ती बहुतेक नळ्या आडव्या येतील अशी कापलेली असणार.

हे तोंडी सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही. एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापा, ५ बाय ३० सेंटीमीटर. एकीत नळ्या लांबीच्या दिशेने, दुसरीत आडव्या. दोन वाट्या पालथ्या घालून त्यावर पट्टीचा पूल करायचा आणि मधोमध एकेक नाणं ठेवत जायचं. एक पूल लगेच बसतो, दुसऱ्यावर नाणी चढतच राहतात. हा खेळ एकदा झाला की पुढचा महिनाभर मुलगी प्रत्येक तुकडा कापण्याआधी तुम्हालाच विचारेल, "आई, नळ्या कुठे?"

खोकी निवडताना किराणा दुकानातली तेलकट नकोत, त्यांवर ना गोंद बसतो ना रंग. कोपऱ्यांत झुरळांची अंडी आहेत का तेही बघा. जूनमध्ये घरोघरी आंब्याच्या पेट्या पडलेल्या असतात. त्यांचा पुठ्ठा चांगला दणकट असतो, हवेची भोकं टाळून कापायचा आणि बुरशीचे काळे डाग दिसले तर ती पेटी सरळ टाकून द्यायची.

मुकुटापासून सुरुवात करू. आधी रद्दीच्या कागदाचा मुकुट करा. कागदाची पट्टी मुलीच्या डोक्याभोवती गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वरचा आकार तिला आरशात बघून पेनाने काढू दे. दिंडीच्या दिवशी केस जसे बांधणार आहात तसेच आत्ताही बांधा. मोकळ्या केसांवर माप घेतलं आणि त्या दिवशी अंबाडा घातला की सगळं गणित बिघडतं. पट्टी पुढे भुवयांच्या वर दोन बोटं आणि मागे डोक्याच्या उंचवट्याच्या जरा खाली टेकली पाहिजे. मुकुट डोळ्यांवर घसरतो तो मागचा टेकू उंचवट्याच्या वर राहिला म्हणून.

नऊ वर्षांच्या मुलीचं डोकं साधारण ५२-५३ सेंटीमीटर भरतं. पुठ्ठ्याला जाडी असल्यामुळे पट्टी गोल केली की आतला घेर एक ते दोन सेंटीमीटरने कमी होतो, म्हणून तेवढी वाढीव कापा. नळ्या उभ्या हव्यात, म्हणजे पट्टी डोक्याभोवती छान वळेल. तरी ती ठिकठिकाणी खटकन मोडेल. त्यावर घरातलं लाटणं हा उत्तम उपाय आहे. पट्टी जाड टॉवेलवर ठेवायची आणि लाटणं दाबून पोळीसारखी लाटायची. नळ्या दबतात आणि पट्टी आपसूक गोल होऊ लागते. सहा वर्षांच्या मुलालाही हे काम जमतं आणि भारी आवडतं.

पट्टीची टोकं एकमेकांना चिकटवू नका. मागे दोन बोटांची फट ठेवून तिथे रुंद इलॅस्टिक लावा. आतून जुन्या, खरखरीत झालेल्या पंचाची किंवा टॉवेलची पट्टी चिकटवा, ती केस धरून ठेवते. स्टेपलर मारलात तर पिनांची टोकं मुकुटाच्या बाहेरच्या बाजूला येऊ द्या आणि त्यांवर चिकटपट्टी लावा. कपाळावर ओरखडे उठलेली बरीच छोटी दैवतं मी पाहिली आहेत. वरचा उंच, निमुळता भाग मात्र पुठ्ठ्याचा नको. तो साध्या कार्डपेपरचा करा, खालच्या कडेला २ सेंटीमीटरचे दाते कापून पट्टीला आतून चिकटवा. उंची मुलीच्या चेहऱ्याएवढी पुरे. त्याहून उंच मुकुट फोटोत शोभतो, पण मान हलली की कलंडतो. हनुवटीखालून किंवा गळ्याभोवती दोरी बांधायची नाही, ती कशातही अडकू शकते. पट्टीच्या दोन्ही बाजूंना आतून कापडाचे लहान फासे शिवा आणि त्यांतून केसांच्या यू-पिना घाला.

विठोबाच्या कानातली मकरकुंडलं माशाच्या आकाराची असतात. पुठ्ठ्याचे मासे मुलं सुंदर काढतात. ती कानाला नाही, मुकुटाच्या पट्टीला दोऱ्याने टांगायची. आणि एक गोष्ट अनुभवाने सांगते. विठोबा झालेल्या मुलाचे हात दहा मिनिटांत दुखायला लागतात, कारण ते सतत कमरेवर ठेवायचे असतात. कमरपट्ट्याला दोन्ही बाजूंनी आतून कापडाची एकेक वाटी शिवा आणि अंगठे त्यात अडकवायला सांगा. हात विसावतात, बघणाऱ्याला कळतही नाही.

आता वीट. तुम्ही विटेबद्दल विचारलं नाहीत, पण विठोबा जमिनीवर उभा राहिला की मुलांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पुठ्ठ्याच्या विटेवर मूल खरोखर उभं राहू शकतं. हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास होता, त्यासाठी मी आजही ही वीट प्रत्येक सुट्टीत करते. मुलीची दोन्ही पावलं जवळ ठेवून माप घ्या. साधारण ३२ बाय २४ सेंटीमीटर आणि उंची ७ सेंटीमीटर पुरते. आत भरायला ७ सेंटीमीटर उंचीच्या पट्ट्या लागतात, ३२ सेंटीमीटर लांबीच्या पाच आणि २४ सेंटीमीटर लांबीच्या सात. सगळ्यांत नळ्या उभ्या, कारण वजन नळ्यांच्या टोकांवर सरळ खाली उतरायला हवं. लांब पट्ट्यांवर सात आणि आखूड पट्ट्यांवर पाच खाचा पाडा, प्रत्येक खाच निम्म्या उंचीपर्यंत, पुठ्ठ्याच्या जाडीएवढी रुंद. मग बाटल्यांच्या खोक्यात घरं असतात तशी जाळी एकमेकींत गुंतवायची. कापताना उंची अचूक ठेवा. एक पट्टी दोन मिलिमीटर जरी जास्त झाली तरी सगळा भार ती एकटी घेते आणि चेपते. वरखाली पुठ्ठ्याचे दोन-दोन थर चिकटवा, एकात नळ्या उभ्या तर दुसऱ्यात आडव्या. बाजू बंद करा. गोंद पूर्ण वाळल्यावर आधी हातांनी जोर देऊन बघा, मग मुलीला तुमचा हात धरून उभी करा. तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवायला विसरू नका. फरशीवर पुठ्ठा घसरतो.

यातलं कापणं मोठ्यांचं. खोक्याचा पुठ्ठा कात्रीने कापायला लावला की मुलांचे अंगठे सोलतात आणि त्यांचा रस संपतो. कटर, स्टीलची पट्टी आणि खाली जाड फळी असं घेऊन बसा. एका दमात आरपार कापायला जाऊ नका. तीन हलके हात मारा, पहिल्यात वरचा कागद, दुसऱ्यात नळ्या, तिसऱ्यात खालचा कागद. नऊ वर्षांची मुलगी आखणी, भोकं पाडणं (खाली बटाटा धरून दाभणाने), गोंद लावणं आणि जाळी गुंतवणं सहज करेल. ग्लू गन तिच्या हाती नको, ते टोक फार तापतं.

वीणेची दांडी पुठ्ठा कापून करूच नका. कापडाच्या दुकानात तागा संपला की आतली जाड पुठ्ठ्याची नळी उरते, मागितली की देतात. ७५ सेंटीमीटरचा तुकडा लोखंड कापायच्या करवतीने कापून घ्या. भोपळ्यासाठी फुगा फुगवा आणि त्यावर रद्दीचे तुकडे खळीत बुडवून चार-पाच थर द्या. खळ घरीच होते. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. जुनी माणसं कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकत. ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको. पावसाळ्यात खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. एका बैठकीत दोनच थर, ते पंख्याखाली वाळले की पुढचे. आषाढाच्या हवेत भोपळा पुरता वाळायला चार दिवसही लागतात, त्यामुळे सगळ्यात आधी हेच काम काढा. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या सोंगांच्या उत्सवात, जे मुखवटे नाचतात त्यांत कागदाच्या लगद्याचेही असतात. तेव्हा याला 'शाळेतलं हस्तकलेचं काम' म्हणून कमी लेखू नका.

नळी भोपळ्याला बाहेरून चिकटवली तर पहिल्या धक्क्याला सुटते. भोपळ्याला समोरासमोर दोन भोकं पाडून नळी आरपार घाला आणि दोन्ही ठिकाणी कागदाच्या पट्ट्या खळीने लावा. तारांऐवजी जाड पांढरा दोरा. गळ्यात अडकवायची पट्टी चार बोटं रुंद, मऊ कापडाची हवी. सप्ताहात वीणा खाली न ठेवता पाळीपाळीने गळ्यात घेतात, हे त्या मैत्रिणीला सांगून ठेवा. हे ऐकलेली मुलं कितीही दमली तरी वीणा खाली ठेवत नाहीत, असा माझा अनुभव आहे. म्हणून पट्टी काचता कामा नये.

आता धाकट्याचा घोडा. दिंडीत सगळे टाळकरी असताना याला घोडाच सुचला, मला फार आवडलं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दोन अश्व चालतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, कारण त्यावर माउली आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मुलाला ही गोष्ट सांगा आणि यांतला कोणता घोडा व्हायचं ते त्याला ठरवू द्या, कारण बांधणी त्यावर अवलंबून आहे. स्वाराचा घोडा कमरेभोवतीच्या खोक्यातून होतो, म्हणजे मुलगा स्वार आणि खोकं घोडा. बिनस्वाराच्या घोड्याला खोकं नको. कपाळावर बसणारं घोड्याचं तोंड, पाठीवर झूल आणि शेपूट एवढं पुरे. तोंड चेहऱ्यावर ओढू नका, मुकुटासारखं डोक्यावर बसवा. मुखवट्याच्या भोकांतून समोरचं दिसतं, पायाखालचं दिसत नाही, आणि हा मुलगा पळणार आहे.

खोक्याचा घोडा करायचा ठरला तर साधारण ५० सेंटीमीटर लांब आणि ३० रुंद खोकं घ्या. वर कमरेएवढं अंडाकृती भोक, हात सुटे राहतील इतपत मोठं. खालची पुढची पाळ पूर्ण काढा. मागची राहू द्या, तिचं काम पुढे सांगते. खोक्याची खालची कड गुडघ्याच्या वर चार बोटं हवी, नाहीतर पाऊल टाकताना मांड्या आपटतात. खांद्यांवरून यायच्या पट्ट्या जुन्या चादरीच्या, पाठीवर फुलीसारख्या एकमेकींवरून नेलेल्या. सरळ पट्ट्या खांद्यावरून घसरतात आणि मूल दिवसभर त्या सावरत राहतं. पट्टीसाठी भोक कडेपासून पाच सेंटीमीटर आत पाडा, तिथे पुठ्ठ्याचा जादा तुकडा चिकटवा आणि पट्टी आतल्या बाजूला आडव्या पेन्सिलीच्या तुकड्याला बांधा. नुसती गाठ पुठ्ठा फाडून बाहेर येते.

मान आणि तोंड म्हणजे एकाच आकाराचे दोन तुकडे, नळ्या मानेच्या लांबीने, मधे सहा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांचा आधार. हा पोकळ डबा खोक्याच्या पुढच्या भागात खाच पाडून खाली खोलवर उतरवा. आत लाकडी काठी घालायचा मोह होतो, घालू नका. पुठ्ठा फाटला की काठीचं टोक उघडं पडतं, आणि ते दुसऱ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. आयाळ आणि शेपटीला सुतळीचे पीळ सोडवून घ्या. हे तासभराचं काम आहे आणि सहा वर्षांचं मूल ते मन लावून करतं.

रंगाकडे वळू. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला रंग दिला की वाळताना तो त्या बाजूला वाकतो. मागच्या बाजूलाही पातळ हात फिरवा, तो सरळ राहील. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, पांढरा गोंदही पाण्यात पुन्हा मऊ पडतो. म्हणून दिंडीसाठी ॲक्रिलिक रंग वापरा. पाणी पहिल्यांदा शिरतं ते कापलेल्या कडांतून, उघड्या नळ्यांतून. सगळ्या कडा कागदाच्या पट्टीने बंद करा आणि रंग वाळल्यावर त्यांवर मेणबत्ती घासा. तरी जोराची सर सोसणार नाही, मुकुटासाठी मोठी प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा. दागिन्यांसाठी एक युक्ती सांगते. पुठ्ठ्यावर सुतळीची नक्षी गोंदाने चिकटवायची, वाळली की वरून गोंद लावलेली ॲल्युमिनियम फॉइल बसवायची आणि कापसाच्या बोळ्याने हळूहळू दाबत जायचं. नक्षी वर उठते आणि ठोक्याच्या चांदीकामासारखी दिसते. डाळी आणि तांदूळ चिकटवू नका, मुंग्या येतात.

शेवटचं सांगते ते मनापासून. खूप वर्षांपूर्वी एका मुलीने मोराचा पिसारा रंगवला होता. डोळे वाकडेतिकडे, एकाच पिसावर तीन. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, म्हणून मी रात्री बसून ते सगळे नीट करून टाकले. सकाळी तिने पिसारा पाहिला, काही बोलली नाही, आणि तो घालायला तयारच झाली नाही. तिच्या लेखी तो आता माझा पिसारा होता. तेव्हापासून मी बांधणीला हात लावते, मुलांच्या रेघेला लावत नाही. पट्टी सुटली तर चिकटवून देते. मासा बेडकासारखा दिसत असेल तर तो तसाच विठोबाच्या कानात डुलतो.

आता ती घोड्याची मागची पाळ. मान आणि तोंड पुढे आल्यामुळे खोकं पुढे झुकतं आणि पट्ट्या मुलाच्या मानेला ओढतात. मागच्या पाळीवर तळ बांधून एक कप्पा करा आणि त्यात पाण्याची भरलेली बाटली ठेवा. घोडा सरळ होतो. त्याच कप्प्यात रुंद चिकटपट्टी, कात्री, चार यू-पिना, इलॅस्टिकचा तुकडा आणि मुकुटाची पिशवी ठेवा. ताईचा मुकुट सैल झाला की सगळ्यांनी घोड्याला हाक मारायची, हे धाकट्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.